फेकणे (सकर्मक क्रियापद)

४ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

हे पत्र कार्यालयाच्या कामासाठी लिहीत आहे. गेली सहा वर्षं मी शब्दकोशाच्या कार्यालयात आहे. आमचं सध्या ‘फ’ हे अक्षर चालू आहे आणि ‘फेकणे’ या शब्दाशी गाडी तीन आठवडे अडली आहे.

दगड फेकणे, कचरा फेकणे, यांवर वाद नाही. वाद आहे तो बोलण्याच्या दोन अर्थांवर. नट वाक्य फेकतो, तेव्हा लोक म्हणतात, ‘काय फेक आहे!’ आणि एखादा थापा मारू लागला की तेच लोक म्हणतात, ‘फेकू नकोस.’ क्रियापद एकच, पण एकीकडे शाबासकी आणि दुसरीकडे चपराक. यातला आधीचा अर्थ कुठला? आमच्या संपादकांच्या मते थापेचा अर्थ रंगमंचावरून खाली उतरला. माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणतात, छे, तो फासे फेकण्यातून आला. लेखी पुरावा दोघांकडेही नाही. शेवटी संपादकांनी विचारलं, “कुणाच्या ओळखीत जुना नट आहे का?” मी आपलं नाव सांगितलं.

नाटकात ‘फेक’ म्हणजे नेमकं काय, हा शब्द आपण पहिल्यांदा कुणाकडून ऐकला आणि थापेशी त्याचा संबंध आपल्याला काय वाटतो, हे कळवावं. शिवाय कार्यालय ध्वनिमुद्रणं जतन करतं. तेच वाक्य साधं बोलून आणि फेकून, असं दोन्ही तऱ्हांनी आपल्या आवाजात हवं आहे. आपण म्हणाल त्या दिवशी यंत्र घेऊन येईन.

बाबा बरे आहेत. हे पत्र लिहिल्याचं त्यांना सांगितलेलं नाही. आई गेली त्या दिवशी जे झालं त्याबद्दल या पत्रात काहीही नाही, हे मुद्दाम लिहिते.

आपली भाची

*

११ फेब्रुवारी

भिंगरे,

नऊ वर्षांनी पत्र, आणि त्यात ‘आदरणीय’! ‘आपण’! अगं, माझ्या खांद्यावर बसून माझेच केस लगाम म्हणून ओढणारी पोरगी तू. पुन्हा ‘आपण’ म्हणालीस तर चुकीची व्युत्पत्ती लिहून पाठवीन आणि तुमचा कोश बुडवीन.

आता फेक. आमच्या काळी माइक नव्हते. आमचे मास्तर तालमीच्या वेळी शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीला टेकून, डोळे मिटून उभे राहायचे. शब्दाचं शेपूट त्यांच्यापर्यंत पोचलं नाही की हात वर. मग ते वाक्य पुन्हा. एकदा माझ्या एका वाक्यावर तेरा वेळा हात वर गेला. चौदाव्यांदा मी बोंबललो. तेव्हा ते पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, “ओरडलेला शब्द पहिल्या रांगेच्या डोक्यावर फुटतो. फेकलेला शब्द शेवटच्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसतो. तू ओरडतोयस.”

शेपटाचं एवढं काय, असं म्हणशील. अगं, आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही शेवटी. ‘मी त्याला मारलं नाही’ यातलं ‘नाही’ नटाने गिळलं, की मागच्या पाच रांगांच्या लेखी खून पडला! इतर भाषांतल्या नटांचं मला ठाऊक नाही. मराठी नटाने मात्र शेपूट सांभाळायचं.

थापेशी संबंध? रंगमंचावर फेकतो त्याला टाळ्या आणि घरात फेकतो त्याला शिव्या. याहून जास्त मला कळत नाही.

ध्वनिमुद्रणाचं मात्र आत्ता जमणार नाही. नवं नाटक बसतंय, मी त्यात म्हाताऱ्या राजाचं काम करतोय, रोज तालमी. फोनही बिघडलाय. काय विचारायचं ते लिहून विचार.

तुझा मामा

*

१९ फेब्रुवारी

मामा,

बरं, ‘तू’ म्हणते. तुझा तो शेपटाचा उतारा संपादकांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. वाचताना शेवटचा शब्द त्यांनीच गिळला. सगळे हसले. त्या खोलीत हसणं म्हणजे वर्षातून दोनदा घडणारी गोष्ट.

आवाज मात्र हवाच, कागदावरची फेक आम्हाला ऐकू कशी येणार? तालमीला येऊन मागे बसले तरी चालेल.

तुझं पत्र वाचताना आईची आठवण आली, आणि खरं सांगते, चांगली आठवण नाही आली. तुझ्या प्रत्येक नाटकाला ती यायची. पहिल्या रांगेत बसायची आणि पापणी न लवता तुझ्या तोंडाकडे बघत राहायची. घरी मात्र मी दुसऱ्या खोलीतून दहा हाका मारल्या तरी ओ नाही.

आठ वर्षांची असताना मी मागच्या जिन्यावरून पडले. हात मोडला. आई पाच पावलांवर शिवणयंत्रावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी ओरडत होते, मामा. यंत्र चालूच. शेवटी बाबा घरी आले आणि त्यांनी मला उचललं. ते आईवर असे ओरडले की शेजारचे दारात आले. आई एवढंच म्हणाली, “लक्ष नव्हतं.” माझा हात नीट जुळला, पण ते वाक्य काही माझ्या मनातून गेलं नाही. तुझ्यासाठी तिला कान होते, आमच्यासाठी नव्हते. हे मी आजवर कुणालाही बोललेले नाही. तुला का लिहितेय कोण जाणे.

तालमीची वेळ कळव.

भिंगरी

*

२ मार्च

भिंगरे,

तालमी दुसऱ्या गावी हलल्यात. तिथून दौरा. तू येऊ नकोस, मी भेटणार नाही.

हाताची गोष्ट मला माहीत आहे. ताईने त्याच आठवड्यात येऊन सांगितली होती. त्याबद्दल आणखी काही मला लिहिता येत नाही. तिच्याविषयी मनात अढी धरू नकोस, एवढंच म्हणतो.

मामा

*

२१ मार्च

मामा,

काल मी नाट्यगृहात गेले होते. तू नसशील हे गृहीत धरून, निदान जुन्या हस्तलिखितांत काही सापडतं का ते बघायला. कपडेपटात तुमचे जुने शिंपी भेटले. बटणं लावत होते. मी तुझ्या दौऱ्याबद्दल विचारलं तर सुई तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले.

“कसला दौरा, बाई? दोन वर्षांमागे गाठ निघाली, त्यांचं स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. तुम्ही त्यांच्या कोण?”

मी भाची आहे, असं म्हणताना मला लाज वाटली.

म्हणजे राजा नाही, तालीम नाही, फोनही बिघडलेला नाही. मामा, तू माझ्यापुढे फेकत होतास. आणि मी दर पत्रात तुझ्याकडे आवाज मागत होते! एकदा तरी लिहायचंस. इस्पितळात तुझ्यासोबत कोण होतं? जेवण कसं करतोस?

कार्यालयाला ध्वनिमुद्रण नको, असं मी कळवलं आहे. आता मला जे हवंय ते कार्यालयासाठी नाही. आईची काहीतरी गोष्ट तुझ्या पोटात आहे आणि तू तिच्यावर बसून आहेस, हे गेल्या पत्रावरून कळतंय. ती मला हवी आहे.

भिंगरी

*

३० मार्च

भिंगरे,

इस्पितळात शिंपीबुवा होते. जेवण सावकाश करतो. पाटीवर लिहून बोलतो, आणि बाजारात सगळे माझ्याशी मोठ्याने बोलतात, जसा काही मी बहिरा. मुका झालो हे तुला कळू नये असं वाटलं, कारण तुझ्यासाठी मी आवाजच होतो. तो गेल्यावर उरलेला माणूस तुला दाखवायची हिंमत होईना. हे झालं माझं. आता तिचं.

ताई नऊ वर्षांची आणि मी सहा, तेव्हा तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण डावा कान पूर्ण गेला आणि उजवा अर्धाअधिक. घरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही, असं आमच्या वडिलांनी ठरवलं. मुलीची जात, पुढे लग्न व्हायचं. ती ओठ वाचायला आपली आपण शिकली, आणि सराव करायला घरात होतो मी. आम्ही अंगणात चेंडू खेळायचो. मी पुटपुटलो की ती म्हणायची, “शब्द जमिनीवरून लोळवू नकोस. चेंडूसारखा फेक. तोंडावर फेक.” मग मी तोंड उघडून, शेवटचं अक्षर पुरं करून, तिच्याकडे शब्द फेकायचो आणि ती झेलायची. हा शब्द मी मास्तरांच्या आधी दहा वर्षं तिच्याकडून ऐकला. कोशात घालू नकोस. पुरावा नाही, आणि एकुलती एक साक्षीदार नऊ वर्षांपूर्वी गेली.

तुझ्या बाबांकडची मंडळी लग्नाचं बोलायला आली, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. ताई खुर्चीवर बसलेली आणि तिला प्रश्न विचारणारे तुझ्या बाबांचे काका, मिशांनी सगळा ओठ झाकलेला! तिला अक्षरही वाचता येईना. मी काकांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि त्यांचा प्रत्येक प्रश्न आवाज न काढता ओठांनी तिच्याकडे फेकत राहिलो. ताई माझ्याकडे बघून काकांना उत्तरं देत होती. एकाएकी काका वळले. “हा पोरगा तोंडं का वेडावतोय?” आमचे वडील पटकन म्हणाले, “नाटकाचं वेड आहे हो त्याला.” तोवर मी नाटक पाहिलंही नव्हतं, भिंगरे. त्या एका वाक्याने मी नाटकी ठरलो, आणि पुढे म्हटलं, नाव झालंच आहे तर धंदाही करू.

लग्नानंतर तिने मला शपथ घातली, “यांना कधी कळू देऊ नकोस.” आधी भीती होती, परत पाठवतील म्हणून. पुढे लाज. वीस वर्षं फसवलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तुझा हात मोडला तेव्हा ती माझ्याकडे येऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, “पोरगी ओरडत होती, आणि मी शिवत बसले रे.” मी म्हटलं, आता तरी सांग. ती म्हणाली, “निष्काळजी आई म्हटलेलं चालेल. बहिरी कळलं तर पोरीला माझ्याजवळ एकटी ठेवणार नाहीत.” माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळी मंडळी म्हणायची. हा एक भिजला.

आणि तो शेवटचा दिवस. मी आलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मी तिच्या उजव्या कानाशी उभा राहिलो आणि म्हणालो, “ताई, मी आलोय. उशीर झाला.” जन्मभर बोललो तसाच बोललो, खणखणीत, शेपूट न गिळता. तिच्याशी हळू बोलायचं असतं हे मला माहीतच नव्हतं गं. सगळे बघू लागले. तू माझी बाही ओढलीस आणि म्हणालीस, “मामा, इथे तरी फेकू नकोस.” तुझ्या बाबांनी दार उघडून धरलं.

तुझ्या नोंदीला उदाहरण हवं असेल तर हे घे. हे रागाने लिहीत नाही. तुला काय ठाऊक होतं?

शपथ ‘यांना’ सांगण्यापुरती होती. तुझं नाव तिने घेतलं नव्हतं. ही पळवाट मला तेव्हापासून दिसत होती, आणि तरी बोलता येत होतं तोवर मी बोललो नाही. अपमान कुरवाळत बसलो. तेवढा गुन्हा माझा.

आता मी नुसते ओठ हलवतो. माझं बोलणं ऐकू येईल असं एकच माणूस होतं.

मामा

*

१२ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मी कार्यालयात उघडलं. वाचून झाल्यावर शेजारच्या गृहस्थांनी न विचारता पाण्याचा पेला आणून ठेवला.

त्या दिवशी मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. पहिल्या पत्रात त्याबद्दल काही नाही असं लिहिलं, ते त्यासाठीच. नऊ वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते, की दार बाबांनी उघडलं. पण शब्द माझा होता. माफी मागते, आणि ती पुरणार नाही हेही कळतं. आईकडे मागायची होती ती कुठे मागू? बत्तीस वर्षांची झाले, आणि अजून मनात कुठेतरी त्या जिन्याखाली पडून तिला नावं ठेवत होते.

मी बाबांना सांगितलं. तू ‘यांना’ म्हणालास, पण शपथ तू घेतली होतीस, मी नाही. रविवारी ते स्वयंपाकघरातला नळ खोलून बसले होते. मी सगळं सांगत गेले. त्यांनी पाना खाली ठेवला आणि विचारलं, “कुठला कान?”

“डावा पूर्ण. उजव्याने थोडं.”

“म्हणून ती कायम माझ्या डावीकडून चालायची,” ते म्हणाले. “वाहनांच्या बाजूने चालू नकोस म्हणून मी किती वेळा ओरडलो असेन.”

मग नळ तसाच उघडा टाकून खोलीत गेले. मी बादली लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझा पत्ता मागितला. काय लिहिणार आहेत ते मला सांगितलेलं नाही.

नोंद छापायला गेली. नाटकातला अर्थ तुझ्या शब्दांत आहे: ‘शब्द शेवटच्या श्रोत्यापर्यंत स्पष्ट पोचेल असा उच्चारणे.’ थापेचा अर्थ त्याखाली, वेगळा. दोघांमधल्या नात्यापुढे ‘अनिश्चित’ लिहिलं. अंगणातलं काहीही कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या शनिवारी मी येते आहे. नाही म्हणालास तरी येणार.

भिंगरी

*

२० एप्रिल

तुला काय म्हणून हाक मारावी हे इतक्या वर्षांनी सुचत नाही, म्हणून तशीच सुरुवात करतो.

त्या दिवशी दार उघडून धरलं, ते चुकलं. मला वाटलं, हिच्या मरणाचंही हा नाटक करतो आहे. पुढे चूक लक्षात यायला काही कारणच घडलं नाही. मुलीने आत्ता या महिन्यात सांगितलं.

मला कसं कळलं नाही, असं तू म्हणत असशील. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली. तिथे दोन हातांवरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तीच सवय घरात. माझं बोलणं तिला समोरून बहुधा कळत असावं. नाही कळलं तर मी म्हणायचो, हट्टी आहे, मुद्दाम करते. तसं तिच्या तोंडावरही म्हणालो आहे. ते तिला ऐकू आलं असणार. मी मोठ्याने म्हणालो होतो.

एक विचारायचं आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मला तोंडावर काही चांगलं बोलता येत नाही. स्कूटरवर मात्र बोलायचो. मी पुढे, ती मागे. तोंड दिसत नसलं की जमायचं. पोरीचा हात मोडला तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो. पुढच्या महिन्यात प्लास्टर काढून येताना पोर पुढे उभी होती, ही मागे. मी म्हणालो, “मी बोललो ते चुकलं. तू चांगली आई आहेस. मनात ठेवू नकोस.” तिने उत्तर दिलं नाही. घरी आल्यावरही नाही. मी समजलो, हिने माफ केलेलं नाही. त्यानंतरही बरंच काही बोलत गेलो, वर्षानुवर्षं, आणि ती गप्प. शेवटी शेवटी तर मी त्या गप्प बसण्याचा राग करू लागलो.

तिला त्यातलं काही ऐकू आलं असेल का? तू तिला सगळ्यांत जास्त ओळखत होतास, म्हणून विचारतो.

बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

*

२६ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र तीन दिवस उशाशी ठेवलं. ‘हो, सगळं ऐकलं तिने’ असं लिहायला हात शिवशिवत होता. आयुष्यभर तोच धंदा केला, मला ते छान जमलं असतं. तुम्ही नको म्हणालात, म्हणून खरं लिहितो.

नाही. पाठमोऱ्या माणसाचं बोलणं, त्यात इंजिन आणि वारा. एक शब्दही तिला कळणं शक्य नव्हतं. तुम्ही माफी मागितली हे तिला कळलं नाही. तिने तुम्हाला माफ केलं नाही असं नव्हे, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पण तुमच्या स्कूटरबद्दल ती एकदा माझ्याशी बोलली आहे. ती जायच्या आधीच्या वर्षी. मी विचारलं होतं, “ताई, दुखतं का गं कधी, भाऊजींचं बोलणं ऐकायचं राहून जातं म्हणून?” ती म्हणाली, “समोर असले की ओरडतात. पण स्कूटरवर बोलतात.”

मी म्हटलं, “तुला कसं कळतं?”

“मागून पाठीला गाल लावून बसते. आत घुमतं, गालाला कळतं. लांबच लांब बोलतात, वळणावर थांबतात, पुन्हा सुरू करतात. बाजाराला दोन वाटा आहेत, मी लांबची सांगते.”

“आणि काय बोलतात?”

तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. म्हणाली, “ओरडत नाहीत, एवढं गालाला कळतं. पुढचं कशाला हवं?”